जुन्या घरात डेस्कटॉपला वायफाय: यूएसबी अडॅप्टर निवडण्यापासून प्रिंटर जोडण्यापर्यंत

फायबर जोडायला आलेला माणूस राउटर कुठं बसवतो? वायर जिथून घरात शिरते तिथं. म्हणजे दर्शनी खोलीत, दाराच्या वरच्या कोपऱ्यात. कॉम्प्युटर असतो मागच्या खोलीत, नाहीतर माडीवर. मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या घराची जाडजूड भिंत. त्या खोलीत मोबाइलला दोन कांड्या दिसतात, डेस्कटॉपला काहीच दिसत नाही, कारण बहुतेक जुन्या डेस्कटॉपमध्ये वायफाय नसतंच. मग कोणीतरी सांगतं, "पाचशेचा डोंगल आण, लाव मागं, विषय संपला."

डोंगल म्हणजे यूएसबीच्या भोकात लावायचा वायफाय अडॅप्टर. विषय संपतो, पण बऱ्याचदा अर्धवट. नेट येतं, मध्येच जातं, व्हिडिओ कॉलवर पोरगं गोठतं, आणि दोष कधी डोंगलला लागतो, कधी कंपनीच्या लाइनला. खरी गोम बहुतेक वेळा जागेत असते. डोंगल किती रुपयांचा यापेक्षा तो टेबलावर नेमका कुठं आहे यानं जास्त फरक पडतो. म्हणून या लेखात खरेदी दुसऱ्या नंबरला आहे.

त्याआधी एक गोष्ट. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत केबल नेता येत असेल, तर हा लेख इथंच सोडा आणि केबल ओढा. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, तिला भिंतीचं आणि शेजाऱ्यांच्या वायफायचं काही देणंघेणं नसतं. यूएसबी अडॅप्टर हा केबल जमत नाही तिथला उपाय आहे: भाड्याचं घर, मध्ये दुसऱ्या बिऱ्हाडाची खोली, किंवा नुकताच रंग झालाय म्हणून भिंतीला भोक पाडायला घरातून मिळालेला नकार.

आधी फोन घेऊन टेबलाजवळ बसा

अँड्रॉइड फोनवर सिग्नल मोजणारी मोफत ॲप्स मिळतात. "वायफाय ॲनालायझर" असं शोधलं की चार-पाच पुढ्यात येतात. फोन घरच्या वायफायला जोडा आणि जिथं कॉम्प्युटर आहे, नेमक्या त्याच टेबलावर ठेवा. ॲपमध्ये उणे आकडा दिसेल, डीबीएममध्ये. हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जेवढं जवळ तेवढं चांगलं. उणे ५० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो. उणे ७५ ला पान उघडेल पण रडतखडत, आणि उणे ८० च्या खाली गेलात तर कितीही महागडा अडॅप्टर आणा, रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत.

आता फोन कॉम्प्युटरच्या डब्यामागं न्या, जिथं यूएसबीची भोकं असतात तिथं, आणि आकडा परत बघा. डबा टेबलाखाली, त्याच्या मागं भिंत, बाजूला लोखंडी कपाट, अशी मांडणी असेल तर आकडा लगेच खाली येतो. डोंगल जाणार आहे तो तिथंच. मग फोन टेबलावर मॉनिटरच्या वर धरा, खिडकीकडे सरकवा, दाराच्या रेषेत आणा. दार उघडं असताना आणि बंद असताना बघा. जुन्या घरात सिग्नल भिंतीतून कमी आणि दारातून जास्त येतो, हे पाच मिनिटांत कळेल. सगळ्यात चांगला आकडा जिथं मिळाला ती जागा लक्षात ठेवा.

मोजणी २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ, वायफायच्या या दोन्ही बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर करा. २.४ लांब जातो, भिंतीतून बरा पार होतो, पण पेठेत प्रत्येक घराचा राउटर त्याच पट्ट्यात ओरडत असतो. ५ चा वेग मोठा, गर्दी कमी, पण दगडी भिंतीपुढं तो हात टेकतो. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये परवान्याविना खुला झाला, त्यामुळे हल्ली कंपनीकडून मिळणारे बरेचसे राउटर दोन्ही बँडचे असतात. तुमचा कसा आहे ते त्याच्या खालच्या स्टिकरवर वाचा.

आकडा सगळीकडेच वाईट आला तर आधी राउटर हलवा. दाराच्या कोपऱ्यातून मधल्या खोलीत, डोक्याच्या वर, उघड्यावर. शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागं, फ्रिजवर नको. पंचगंगेचं पाणी २०१९ ला आणि २०२१ ला ज्या गल्ल्यांत शिरलं, तिथले लोक विजेच्या वस्तू तशाही उंचावरच ठेवतात. रेंजसाठीही तेच बरोबर आहे. फायबरची पिवळी किंवा काळी बारीक वायर मात्र स्वतः ओढू नका. ती काटकोनात वाकली की आतली काच तुटते. कंपनीच्या माणसाला वाढीव वायर टाकायला सांगा.

उद्यमनगरात वर्कशॉप असेल तर गणित थोडं वेगळं. वर पत्रा, खाली लोखंडाचा माल, ऑफिसची केबिन पोटमाळ्यावर. लोखंड सिग्नल आत घेत नाही, परतवून लावतो. शेडच्या बाहेर, घराकडच्या बाजूला राउटर आणि आत डोंगल असं कधीच नीट चालत नाही. तिथं केबिनपर्यंत लॅन केबल नेऊन दुसरा छोटा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरून आलेलं नेट तिथं वायफायनं पसरवायला बसवा, मग केबिनमधल्या कॉम्प्युटरला साधा डोंगलही पुरतो.

आता खरेदी

खोक्यावरच्या आकड्याला भुलायचं नाही. नखाएवढा डोंगल असतो, त्यावर "१५० एमबीपीएस" लिहिलेलं असतं. तो फक्त २.४ वर चालतो. गर्दीच्या गल्लीत राउटर अरुंद चॅनेलवर, म्हणजे पट्ट्यातल्या छोट्या वाटेवर उतरला की हा आकडा ७२ वर येतो, आणि प्रत्यक्षात हातात पडतं त्याच्या निम्मं, ३५-४०. तुमचा प्लॅन ३० किंवा ४० एमबीपीएसचा असेल तर ठीक आहे. १०० चा प्लॅन घेऊन हा डोंगल लावलात तर उरलेले पैसे दरमहा पाण्यात.

माझ्या मते आज घ्यायचा असेल तर किमान दोन बँडचा घ्यावा. खोक्यावर "एसी ६००" असं काहीतरी असतं. ५ गिगाहर्ट्झवर त्याची जोडणी ४३३ एमबीपीएसपर्यंत जाते, जवळ राउटर असेल तर खरे २०० तरी मिळतात. घरच्या कामाला एवढं भरपूर झालं. "एसी १२००" किंवा "एसी १३००" घेणार असाल तर तो यूएसबी ३.० चा आहे का ते बघा, यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० एमबीपीएस आहे, त्यामुळे त्याचा वरचा वेग तिथंच अडतो. वायफाय ६ चा अडॅप्टर राउटरही वायफाय ६ चा असेल तरच घ्या, नाहीतर नाकापेक्षा मोती जड.

दिसायला छान नसला तरी बाहेर अँटेना असलेला घ्या. नखाएवढ्या डोंगलमध्ये अँटेनाही नखाएवढीच असते आणि ती डब्याच्या पत्र्याला चिकटून बसते. लॅपटॉपला तो चालतो, डेस्कटॉपच्या पाठीमागं नाही. आणि राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत दुकानात गेलातच, तर त्याच वेळी एक ते दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबलही घ्या, एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी. या लेखातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आहे. काही अडॅप्टरसोबत ती किंवा छोटा स्टँड आधीच येतो.

दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. हा माझ्या विंडोजवर चालतो का, आणि ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर, सीडीवर आहे की आतच आहे? अजून विंडोज ७ वर हिशेबाचं टॅली चालवणारी दुकानं आहेत. नव्या अडॅप्टरच्या कंपन्या विंडोज ७ चे ड्रायव्हर देतातच असं नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण ड्रायव्हर मिळतात, अडॅप्टर चालतो.

कुठल्या भोकात लावायचा

डब्याच्या पुढच्या पोर्टमध्ये नको. तिथली आतली वायर लांब आणि बऱ्याचदा हलकी असते, वीज कमी पडते आणि अडॅप्टर मध्येच बंद-चालू होतो. मागं, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा.

मागं काळी पोर्ट असतात आणि निळी. निळी यूएसबी ३.० ची. इथं एक खोच आहे. यूएसबी ३.० चं काम चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट तयार होतो. इंटेलनं २०१२ मध्येच यावर लेख काढला होता. निळ्या पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क लावलेली आणि तिच्या शेजारीच डोंगल, अशी जोडी असेल तर फाइल कॉपी सुरू झाली की वायफाय मान टाकतं. लोकांना वाटतं कॉम्प्युटर स्लो झाला. म्हणून फक्त २.४ वाला डोंगल असेल तर तो लांबच्या काळ्या पोर्टला, आणि काहीही असलं तरी एक्स्टेंशन केबलनं डब्यापासून दूर. फोननं शोधलेली चांगली जागा आठवते? अडॅप्टर तिथं न्या. मॉनिटरच्या वरच्या कडेला दुहेरी टेपनं चिकटवा, किंवा खिडकीच्या चौकटीला. अँटेना उभी ठेवा. मागच्या भोकातून मॉनिटरच्या वर येईपर्यंत आकडा किती सुधारतो ते फोनवर एकदा दिसलं की परत कोणी डोंगल डब्यामागं खुपसत नाही.

ड्रायव्हर: ज्याला नेट नाही त्याला नेट कुठून आणायचं

विंडोज १० आणि ११ बरेच अडॅप्टर आपोआप ओळखतात. लावल्यावर मिनिटभर थांबा. खाली उजव्या कोपऱ्यात वायफायची खूण आली तर हा भाग सोडून पुढं जा.

खूण आली नाही तर आधी "धिस पीसी" उघडा. काही अडॅप्टर पहिल्यांदा लावल्यावर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतात. त्या ड्राइव्हमध्येच सेटअपची फाइल असते. ती चालवली की सीडीचं सोंग टाकून ते अडॅप्टर होतात. सोबत छोटी सीडी आली असेल आणि तुमच्या डब्यात सीडीचा ड्राइव्हच नसेल, तर सीडी ठेवा बाजूला. तसंही तिच्यातला ड्रायव्हर जुना असतो.

मग ड्रायव्हर उतरवायला नेट कुठून? खिशातून. मोबाइल चार्जिंगच्या केबलनं कॉम्प्युटरला जोडा, फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये "यूएसबी टेदरिंग" चालू करा. केबल फक्त चार्जिंगची नसावी, डेटाचीही असावी. हा पर्याय पुसट दिसत असेल तर केबल बदला. अर्ध्या मिनिटात कॉम्प्युटरला नेट येतं. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. आता विंडोज अपडेट चालवा, "ऑप्शनल अपडेट्स"मध्ये ड्रायव्हर दिसतोय का बघा, किंवा अडॅप्टरच्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल आणि व्हर्जन बघून उतरवा. व्हर्जन महत्त्वाचं. एकाच नावाच्या अडॅप्टरमध्ये व्ही १, व्ही २, व्ही ३ अशी आत वेगवेगळी चिप असते, आणि ते अडॅप्टरवरच्या बारीक स्टिकरवर लिहिलेलं असतं.

बिननावाचा अडॅप्टर असेल तर कंपनीची साइटच नसते. अशा वेळी स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळ्या खुणेच्या ओळीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून "हार्डवेअर आयडीज" निवडा. "व्हीआयडी" च्या पुढं चार अक्षरं-आकडे असतात. ०बीडीए असेल तर चिप रिअलटेकची, ०ई८डी असेल तर मीडियाटेकची, १४८एफ असेल तर रॅलिंकची. त्यापुढचा "पीआयडी" मिळून नेमकी चिप कळते. एक सांगून ठेवतो: "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणारी सॉफ्टवेअरं उतरवू नका. ड्रायव्हर एक येतो आणि बरोबर पाहुणे दहा.

विंडोजऐवजी उबुंटू हे लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: मीडियाटेकच्या बऱ्याच चिप लिनक्सला आधीपासून ओळखीच्या आहेत. रिअलटेकच्या आरटीएल८८२१सीयू सारख्या काही चिप कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासून थेट चालतात, त्यामुळे उबुंटू २४.०४ वर त्रास होत नाही. त्याआधीची आवृत्ती असेल तर ती अपडेट करणं हाच कमी डोकेदुखीचा मार्ग.

जोडणी आणि लगेच करायचे दोन बदल

वायफायच्या खुणेवर क्लिक करा, आपलं नेटवर्क निवडा, "कनेक्ट ऑटोमॅटिकली"वर टिक करा, पासवर्ड टाका. राउटरच्या दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर अडॅप्टर कधीकधी हट्टानं २.४ धरून बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ ला वेगळं नाव द्या आणि कॉम्प्युटरला तेच जोडा; पण फोनवर तिथं आकडा उणे ७० पेक्षा बरा असेल तरच.

पहिला बदल: डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली आपला अडॅप्टर शोधा, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढा. दहा मिनिटं कॉम्प्युटर तसाच पडला की नेट जातं, ही तक्रार बहुतेक इथंच मिटते. दुसरा: लॅपटॉप असेल आणि त्याचं आतलं वायफाय बिघडलंय म्हणून डोंगल घेतला असेल, तर आतलं वायफाय तिथंच उजव्या क्लिकनं "डिसेबल" करा. दोन्ही चालू राहिले की विंडोज कधी यावर, कधी त्यावर.

राउटरचं पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून उघडतं. नेमका पत्ता आणि सुरुवातीचा पासवर्ड स्टिकरवर असतो. आत गेल्यावर तो पासवर्ड बदला. सुरक्षेत, म्हणजे वायफायच्या कुलपाच्या प्रकारात, डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. जुन्या राउटरवर टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी राहिलं असेल तर ते असुरक्षित तर आहेच, शिवाय नवा अडॅप्टरही त्यावर ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. २.४ चा चॅनेल १, ६ किंवा ११ यांतला ठेवा, ॲपमध्ये जो रिकामा दिसेल तो.

बिघाड कसा ओळखायचा

फोनला नेटवर्क दिसतं, कॉम्प्युटरला दिसत नाही: राउटर चॅनेल १२ किंवा १३ वर गेलाय का बघा. भारतात ते चालतात, पण परदेशी सेटिंगचे काही अडॅप्टर ११ च्या पुढं बघतच नाहीत. तसंच ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ हे चॅनेल काही स्वस्त अडॅप्टरना दिसत नाहीत. ३६ ते ४८ मधला निवडा. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तरी जुना अडॅप्टर जोडला जात नाही.

जोडलं जातं पण नेट नाही: आधी त्याच वायफायवर फोन बघा. फोनलाही नेट नसेल तर लाइन गेलीय, कॉम्प्युटर खोलू नका. फोनवर चालतंय आणि कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) १६९.२५४ नं सुरू होतोय, तर राउटरनं त्याला पत्ताच दिलेला नाही. नेटवर्क "फर्गेट" करा, राउटर बंद करून चालू करा, परत जोडा.

सगळं आहे पण मधूनच अडखळतं: कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगची कमांड (हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारी) राउटरच्या पत्त्यावर सतत चालू ठेवा आणि आकडे बघत बसा. उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत येत असेल तर वायफाय ठणठणीत आहे, गडबड बाहेरच्या लाइनला. मध्येच दोनशे, तीनशे, "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" असं दिसायला लागलं तर गडबड घरात. आता अडॅप्टर हातात घेऊन फूटभर इकडं-तिकडं करा, मायक्रोवेव्ह बंद करा, बाजूची हार्ड डिस्क काढा. आकडे कशानं शांत होतात ते समोरच दिसेल. कंपनीला फोन करण्याआधी हे केलं की "सर, राउटर रीस्टार्ट करून बघा" या उत्तरावर तुमच्याकडे बोलायला काहीतरी असतं.

दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर

जोडणी झाल्यावर विंडोज नवीन नेटवर्कला "पब्लिक" समजतं आणि बाकीच्यांपासून कॉम्प्युटर लपवतं. घरात किंवा दुकानात फाइली द्यायच्या-घ्यायच्या असतील तर सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "प्रायव्हेट" करा. कॉलेजच्या किंवा चहाच्या दुकानातल्या वायफायवर मात्र पब्लिकच राहू द्या.

मग फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि ज्या खात्याला द्यायचं ते खातं निवडा. त्या खात्याला पासवर्ड हवा, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून विंडोज आत सोडत नाही. दोन्ही कॉम्प्युटर राउटरच्या मुख्य नेटवर्कवर असावेत. एक गेस्ट नेटवर्कवर आणि दुसरा मुख्य नेटवर्कवर असेल तर ते एकमेकांना कधीच दिसणार नाहीत. गेस्ट नेटवर्क त्यासाठीच असतं.

वायफायचे बरेच प्रिंटर फक्त २.४ वर जोडले जातात. कॉम्प्युटर ५ वर असला तरी चालतं, राउटर मध्ये आहे. पण वीज जाऊन आली की प्रिंटरचा पत्ता बदलतो आणि बिलाच्या वेळी "प्रिंटर ऑफलाइन". राउटरमध्ये डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटायच्या, पानावर प्रिंटरला कायमचा पत्ता राखून ठेवा.

टॅलीचा डेटा ज्या कॉम्प्युटरवर आहे, तो मात्र डोंगलवर ठेवू नका. एंट्री चालू असताना जोडणी तुटली तर डेटा बिघडू शकतो. त्याला केबल, बाकीच्यांना वायफाय.

पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट जाते आणि इन्व्हर्टर येईपर्यंतच्या क्षणात राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन मिनिटं घेतो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो; घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, कारण काही राउटर १२ व्होल्टचे असतात आणि काही ९ चे. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर यूपीएसला दोन पिना हव्यात, नाहीतर राउटर जागा आणि फायबर झोपलेलं.